शेवटचा नळ

१. फोन कोणाला करायचा?

दोन दिवस नळाला गढूळ पाणी येते आहे, घरात लहान मूल आहे. आता फोन कोणाला करायचा?

प्रश्न साधा आहे, पण दहा जणांना विचारला तर दहा उत्तरे मिळतात. कोणी आमदारांच्या कार्यालयात फोन लावतो, कोणी थेट मुख्यमंत्र्यांना टॅग करून फोटो टाकतो, कोणी ‘तिथे आपला एक माणूस आहे’ म्हणून नंबर शोधू लागतो. कायद्याने ज्याच्याकडे हे काम सोपवले आहे त्याचे नाव बऱ्याचदा यादीत सगळ्यांत शेवटी येते. गावात हे काम ग्रामपंचायतीचे, लहान शहरात नगरपंचायतीचे किंवा नगरपरिषदेचे, मोठ्या शहरात महानगरपालिकेचे. ग्रामीण भागात ग्रामपंचायतीच्या वर तालुक्याला पंचायत समिती आणि जिल्ह्याला जिल्हा परिषद असते. या सगळ्यांना मिळून आपण ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ म्हणतो.

दिल्लीत आणि मुंबईत काय चालले आहे हे आपण तावातावाने सांगू शकतो. आपल्या प्रभागाचा नंबर मात्र पावती काढून पाहावा लागतो. खरे तर सकाळी उठल्यापासून आपला जो काही सरकारशी संबंध येतो, तो बहुतेक याच संस्थांशी. नळ, गटार, घंटागाडी, रस्त्यावरचा दिवा, भाजीबाजाराचा ओटा, जिल्हा परिषदेची शाळा, जन्माचा दाखला, स्मशानभूमीचे पत्रे, सगळे इथलेच. वस्ती सुरक्षित आहे का, निरोगी आहे का आणि तिथे सगळ्यांना सारखी वागणूक मिळते का, हे मोठ्या धोरणांनी ठरते तेवढेच या बारीकसारीक कामांनीही ठरते.

ही सगळी कामे एका प्रकरणात मावणार नाहीत. म्हणून एकच धागा धरू: टाकीतले पाणी शेवटच्या घरापर्यंत कसे जाते. सुरक्षा, आरोग्य आणि समता या तिन्हींची परीक्षा त्या एका नळावर होते.

२. हा अधिकार आला कुठून?

इंग्रजी अमलात लॉर्ड रिपनने १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला, तिथून ही गोष्ट सांगायची पद्धत आहे. नगरपालिका त्याआधीही होत्या. पुणे नगरपालिकेत १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव फुले सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवायला एक हजार रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव आला, तेव्हा जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे होते. सार्वजनिक पैसा कोणावर आधी खर्च व्हावा, हा स्थानिक राजकारणाचा मूळ प्रश्न, आणि तो तेव्हाच एका सभासदाने सभागृहात विचारून ठेवला होता.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने या बाबतीत बऱ्यापैकी लवकर पावले उचलली. ग्रामपंचायतींचा कायदा १९५८ चा, जिल्हा परिषद व पंचायत समितीचा १९६१ चा. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. तरी एक उणीव होतीच. निवडणुका कधी घ्यायच्या, संस्था कधी बरखास्त करायच्या, हे राज्य सरकारच्या मर्जीवर होते. १९९२ च्या ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीने या संस्थांना घटनेत स्थान मिळाले. मुदत पाच वर्षांची ठरली, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग आला, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांसाठी राखीव जागा आल्या. महाराष्ट्राने महिलांचे आरक्षण २०११ मध्ये पन्नास टक्क्यांवर नेले.

घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत, बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८. पिण्याचे पाणी दोन्हीकडे आहे. मात्र विषय यादीत आहे म्हणजे तो हातात आला असे नाही. कोणता विषय किती द्यायचा हे राज्याने ठरवायचे असते, आणि देताना राज्य सरकारचा हात जरा आखडताच असतो. काम खाली आणि अधिकारी व पैसा वर, अशी स्थिती अनेक विषयांत आजही आहे.

३. टाकीत पडणारी पावडर

आता प्रत्यक्ष पाण्याकडे येऊ.

बहुतेक गावांत विहिरीतून किंवा बोअरमधून पाणी उंच टाकीत चढवतात आणि तिथून ते नळांना सोडतात. पाणी सोडण्याआधी त्यात ब्लिचिंग पावडर मिसळायची असते. गावात तिला कोणी ब्लिचिंग म्हणत नाही, ती ‘टीसीएल’. ती टाकणारा माणूस म्हणजे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. अनेक ठिकाणी पाणी सोडणारा, दिवे लावणारा, दवंडी देणारा आणि टीसीएल टाकणारा एकच असतो आणि त्याचे मानधन ऐकून आपणच खाली बघतो.

पावडर किती टाकायची? समजा टाकी ५०,००० लिटरची आहे आणि दर हजार लिटरला ५ ग्रॅम हे प्रमाण धरले. म्हणजे २५० ग्रॅम, पाव किलो. पावडर बादलीत कालवून, निवळी वेगळी करून ती टाकीत ओततात आणि अर्धा तास थांबतात, कारण जंतू मरायला तेवढा वेळ लागतो. चांगल्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. पाव किलोत तो झाला ८२ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे लिटरमागे सुमारे १.६ मिलिग्रॅम.

पण पावडर जुनी झाली, पोत्याचे तोंड उघडे राहिले, ओल लागली, की तिच्यातला क्लोरीन उडून जातो. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात सतरंज्यांच्या आणि मतपेट्यांच्या शेजारी अर्धवट गुंडाळून ठेवलेले पोते पाहिले असेल, तर पुढचे गणित नीट वाचा. त्या पावडरीत क्लोरीन २० टक्क्यांवर उतरला तर त्याच पाव किलोतून लिटरला १ मिलिग्रॅमच मिळतो, आणि १० टक्क्यांवर आला तर अर्धाच. माणूस रोज इमानदारीने पाव किलो टाकतो, वहीत नोंद करतो, सही करतो. त्या नोंदीवरून पाण्यात काय गेले ते कळत नाही. म्हणून २० टक्क्यांहून कमी क्लोरीनची पावडर वापरू नये असा दंडक आहे आणि पावडरीचा नमुना तपासून घ्यायची सोयही आहे.

टाकीत १.६ मिलिग्रॅम असला तरी वाटेत तो खर्च होत जातो. पाइपात साचलेला गाळ, शेवाळ, बाहेरून शिरलेली घाण हे सगळे क्लोरीन खातात. बाहेरून घाण शिरते कशी? आपल्याकडे पाणी चोवीस तास नसते. तासभर सोडतात आणि बंद करतात. पाणी चालू असताना पाइपात दाब असतो, भेग असली तर पाणी बाहेर झिरपते. बंद केले की पाइप रिकामा होऊ लागतो आणि त्याच भेगेतून बाहेरचे आत ओढले जाते. पाइप गटाराशेजारून गेला असेल तर ‘बाहेरचे’ म्हणजे काय ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाच मिनिटांत येणारे पाणी हेच असते.

म्हणून तपासणी टाकीपाशी करून भागत नाही. ती करायची टोकाच्या नळाला. तिथे पोचलेल्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. तपासायची रीत एका मिनिटाची आहे: लहान नळीत पाणी घ्यायचे, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे, हलवायचे. पिवळे झाले तर क्लोरीन आहे, नाही झाले तर नाही. आरोग्य खात्याच्या भाषेत ही ‘ओटी टेस्ट’. पिवळ्याची छटा किती गडद, ते सोबतच्या रंगपट्टीशी ताडून पाहायचे.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, आरोग्य कर्मचारी गावाच्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी करतात आणि ग्रामपंचायतीला कार्ड देतात. लाल म्हणजे धोका मोठा, पिवळे म्हणजे मध्यम, हिरवे म्हणजे कमी. साथीच्या बातमीत ‘गावाला लाल कार्ड होते’ असे वाक्य आले की समजावे, धोका आधी लेखी कळवलेला होता.

४. टोकाला कोण राहते?

इथपर्यंतची गोष्ट रसायनाची होती. आता एक वेगळा प्रश्न. गावातल्या टोकाच्या नळावर कोण पाणी भरते?

गावठाणाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. टाकी बहुधा मध्यावर नाहीतर वरच्या अंगाला. मोठी लाइन पेठेतून, देवळाजवळून, चावडीवरून जाते. मग ती बारीक होत होत गावाच्या कडेला पोचते. तिथे दलित वस्ती असते, भटक्या-विमुक्तांची पाले असतात, ओढ्यापलीकडे आदिवासींचा पाडा असतो. पाणी कमी दाबाने येते ते तिथे, उशिरा येते ते तिथे, क्लोरीन संपलेला असतो तोही तिथे. ही व्यवस्था कोणी आज मुद्दाम करत असेलच असे नाही. पाइप जुन्या गावाच्या रचनेवर टाकला जातो आणि ती रचना जातीने आखलेली आहे. त्यामुळे ओटी टेस्ट शेवटच्या नळावर करा हा आरोग्याचा नियम पाळला, की गावातल्या विषमतेचीही मोजणी आपोआप होते.

पाण्याच्या हक्काचा आपल्याकडचा सर्वांत मोठा लढा ज्या निर्णयावरून उभा राहिला, तो एका नगरपालिकेचा होता. महाडची ही हकिकत पाठ्यपुस्तकात येते, पण तिथे नगरपालिकेला दोन ओळींत आटोपतात. जरा थांबून पाहू.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा सांभाळलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले करावेत, असा तो ठराव. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याला धरून चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर प्रश्न सुटला. तळ्यावर मात्र तीन वर्षे काहीच बदलले नाही, कारण पाणी घ्यायला गेलेल्या माणसाच्या पाठीशी नगरपालिका उभी राहील अशी कोणालाच खात्री नव्हती. दरम्यान १९२६ मध्ये बोल्यांनी आणखी एक ठराव आणला: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्ड हा निर्णय अमलात आणणार नाहीत त्यांचे अनुदान सरकारने थांबवावे. ठरावाला पैशाची गाठ मारल्याशिवाय तो हलत नाही, हे त्यांनी तीन वर्षांत ओळखले होते.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नंतर सत्याग्रहींना मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोल्यांच्या पहिल्या ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेले. तळे खासगी आहे, अस्पृश्यांनी तिथे न येण्याची पूर्वापार वहिवाट आहे, असा विरुद्ध पक्षाचा दावा होता. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला.

या चौदा वर्षांत नगरपालिकेने तळे उघडले, नंतर मौन धरले, आणि पुन्हा ते बंद केले. या तिन्ही गोष्टी स्थानिक संस्थेनेच केल्या. स्थानिक कारभार लोकांच्या जवळ असतो म्हणून तो चांगलाच असतो, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. जवळ असतो म्हणजे गावातल्या बलवानांच्याही जवळ असतो. गाव हे अज्ञानाचे आणि जातीयतेचे डबके आहे, अशी कठोर टीका बाबासाहेबांनी संविधान सभेत केली, तिच्यामागे असे अनुभव होते. राखीव जागा, राखीव निधी, लेखी हक्क, वरचे न्यायालय हे सगळे त्यासाठीच लागते.

५. पैसा कुठून येतो आणि कोणाच्या नावाने येतो

‘निधी नाही’ हे उत्तर आपण सगळ्यांनी ऐकले आहे. ते कधी खरे असते, कधी निम्मे.

ग्रामपंचायतीचा पैसा ढोबळपणे दोन वाटांनी येतो. एक स्वतःचा: घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी, गाळ्यांचे भाडे. दुसरा वरून आलेला: वित्त आयोगाचा निधी आणि निरनिराळ्या योजना. वरून आलेल्या पैशाचे पुन्हा दोन प्रकार, बंधित आणि अबंधित. शहरातल्या मामाने भाचीच्या हातात फीसाठी म्हणून पैसे ठेवले, तर त्यातून चप्पल घेता येत नाही. दिवाळीची ओवाळणी असेल तर घेता येते. बंधित निधी हा फीचा पैसा.

१५व्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ पासूनच्या वाटणीत ६० टक्के रक्कम बंधित होती. त्यातली निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मी स्वच्छतेसाठी. उरलेली ४० टक्के अबंधित, पण पगारासाठी नाही. समजा एखाद्या ग्रामपंचायतीला वर्षाला दहा लाख आले. त्यातले तीन लाख पाण्याचे, तीन लाख सांडपाणी-कचरा-शौचालयांचे आणि चार लाख गावाने ठरवायचे. ‘पाण्याला पैसा नाही’ असे कोणी म्हणाले तर पहिला प्रश्न हा: ते तीन लाख कशावर गेले?

स्वतःच्या उत्पन्नावरही बंधने आहेत. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. उत्पन्न आठ लाख असेल तर अनुक्रमे १,२०,०००, ८०,००० आणि ४०,००० रुपये. रकमा लहान दिसतात. पण १,२०,००० मध्ये वस्तीतली शेवटची दोनशे-तीनशे फूट पाइपलाइन बदलून घेता येते. प्रत्यक्षात हा निधी बऱ्याचदा मार्चअखेर सतरंज्या आणि भांडी खरेदीत जातो, कारण खरेदी चटकन उरकते आणि पाइपलाइनला खणावे लागते.

घरपट्टीबद्दल एक अप्रिय गोष्ट. सरपंचाला ती वसूल करायला नको असते, कारण देणारे भावकीतले असतात आणि पुढच्या निवडणुकीत मत त्यांचेच हवे असते. मग थकबाकी वाढते, पंपाचे वीजबिल तुंबते, वीज तोडली जाते आणि कोट्यवधींची नळयोजना साध्या बिलापायी बंद पडते. ज्यांच्या दारात बोअर आहे त्यांचे काही अडत नाही. डोक्यावर हंडा येतो तो टोकाच्या वस्तीतल्या बाईच्या.

६. हद्दीवरची माणसे

शहरात हीच विषमता हद्दींच्या आणि तारखांच्या रूपाने येते.

मुंबईत इमारतींसाठी माणशी दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीसाठी ४५ लिटर, असे पाण्याचे मापदंड वर्षानुवर्षे चालत आले. त्यातही ठरावीक तारखेनंतर उभ्या राहिलेल्या झोपड्यांना नळजोडणीच नाही, असा नियम होता. जोडणी नसली म्हणून माणूस पाण्यावाचून राहत नाही. तो टँकरवाल्याकडून घेतो, चोरून जोडलेल्या नळाला पैसे देतो आणि बहुतेक वेळा इमारतीतल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त दर मोजतो. चोरीच्या जोडणीसाठी मुख्य वाहिनीला जिथे भोक पडते, तिथूनच घाण आत शिरते आणि ती पुढच्या इमारतीलाही पोचते. पाणी हक्क समितीने याविरुद्ध याचिका केली. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी अनधिकृत आहे एवढ्या कारणाने ते नाकारता येणार नाही. घर अधिकृत करा असे न्यायालयाने म्हटले नाही. दर वेगळा लावायची मुभाही ठेवली. महापालिकेचे ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आले ते मे २०२२ मध्ये.

पुण्याची गोष्ट हद्दीची. २०१७ मध्ये ११ आणि ३० जून २०२१ ला २३ गावे पुणे महापालिकेत आली. शहराचे क्षेत्र पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेले. गावे कागदावर शहरात आली तरी जलशुद्धीकरण केंद्र, मोठ्या वाहिन्या आणि सांडपाण्याची व्यवस्था एका रात्रीत येत नाही. ग्रामपंचायत गेलेली, महापालिका पोचलेली नाही, अशी ही मधली अवस्था वर्षानुवर्षे चालते. सरपंच माजी झालेला असतो आणि नगरसेवक अजून नसतो.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या भागात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी परिसरात, गिया बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. या आजारात एखाद्या जंतुसंसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते, हातापायांतले बळ जाते, काहींना श्वासासाठी यंत्र लागते. पुणे परिसरात संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जीवाणू आणि नोरोव्हायरस सापडला. दोन्ही दूषित पाण्यातून, अन्नातून पसरतात. या भागातल्या काही वस्त्यांना विहिरीचे पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता केवळ क्लोरीन मिसळून दिले जात होते. आपण तिसऱ्या भागात पाहिलेली टीसीएलची वही आणि ओटीची नळी, तेवढ्यावरच शहराच्या कडेची लोकवस्ती विसंबून होती.

त्या वेळी पुणे महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि कारभार प्रशासकाकडे होता. राज्यातल्या बहुतेक महापालिकांची हीच स्थिती होती. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या कोर्टकचेऱ्यांत निवडणुका अडकल्या आणि अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या घेण्याचा आदेश द्यावा लागला.

प्रशासक काम करत नाहीत असे नाही. १९९४ च्या प्लेगनंतर सुरत शहर स्वच्छ झाले ते आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात, आणि त्या कामाचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण आयुक्ताची बदली होते, आणि आपल्या गल्लीत पाणी का येत नाही हे विचारायला त्याच्या बंगल्यावर कोणी जात नाही. नगरसेवकाच्या दारात माणूस रात्री दहालाही जातो, शिव्या घालतो आणि पुढच्या वेळी पाडतोही. समाविष्ट गावांचा तर प्रश्नच वेगळा: महापालिकेचा कर सुरू झाला, पण तो कर कशावर खर्च व्हावा हे सांगायला त्यांचा माणूस सभागृहात नव्हता. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे जिथे जात होता त्या उरुळी देवाची आणि शेजारच्या फुरसुंगीच्या लोकांनी शेवटी महापालिकेतून बाहेर काढा अशी मागणी केली. २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली.

७. सभेत काय विचारायचे?

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्यांच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. ग्रामसभेला गणपूर्ती लागते ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी. ५०० मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे ७५, म्हणून ७५. २४०० मतदार असतील तर १५ टक्के ३६० होतात, म्हणून १०० पुरेत. माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. ही पळवाट ज्यांना ठाऊक असते ते पहिल्या सभेची दवंडी जरा हळूच देतात.

ग्रामसभेने पाणी कसे सांभाळावे हे सांगताना हिवरेबाजार गावाचे नाव इतक्यांदा घेतले जाते की वाचणारा कंटाळतो. तरी एक गोष्ट तिथून घेण्यासारखी आहे. पावसाळा संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडते: पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, माणसांना आणि जनावरांना प्यायला किती लागेल, उरलेल्यात कोणती पिके बसतात. प्यायचे पाणी आधी बाजूला काढायचे, शेतीचे नंतर. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, हेही ग्रामसभेत ठरलेले. तिथल्या पोपटराव पवारांसारखा सरपंच प्रत्येक गावाला मिळणार नाही. ताळेबंदाचा तक्ता मात्र कोणत्याही गावाला करता येतो.

सभेत भाषण करायची गरज नाही. भाऊसाहेबांना, म्हणजे ग्रामसेवकाला (कागदोपत्री ते आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाले आहेत), चार नेमके प्रश्न विचारले तरी सभेचा रंग पालटतो. गेल्या पाहणीत आपल्याला कोणते कार्ड मिळाले आणि का? गेल्या महिन्यातल्या ओटी टेस्ट कोणत्या नळांवर घेतल्या, त्यात गावाच्या कडेचे नळ किती? बंधित निधीतले पाण्याचे पैसे कोणत्या कामावर गेले? मागासवर्गीयांच्या १५ टक्क्यांतून वस्तीत काय झाले? पहिल्याचे उत्तर आरोग्य उपकेंद्रात मिळते, दुसऱ्याचे जलसुरक्षकाच्या वहीत. तिसऱ्या-चौथ्यासाठी नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक आणि नमुना ५ म्हणजे रोकडवही मागावी.

शहरात ग्रामसभेसारखी हक्काची जागा नाही. वॉर्डाच्या खालच्या पातळीवर मतदारांची क्षेत्रसभा व्हावी अशी तरतूद महाराष्ट्राने २००९ मध्ये केली, पण ती आपल्या भागात भरल्याचे आठवणारा माणूस सापडणे कठीण. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात आपल्या भागातली कामे सुचवता येतात. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो, काम नेमके लिहावे लागते: कोणती गल्ली, कोठून कोठपर्यंत, काय हवे. ‘पाण्याची समस्या सोडवावी’ असे लिहिलेला अर्ज बाजूला पडतो. ‘अमुक चौकातल्या व्हॉल्व्हपासून गल्लीच्या टोकापर्यंतची चार इंची लाइन गटारातून गेली आहे, ती बाहेर घ्यावी’ असे लिहिले की कनिष्ठ अभियंत्याला जागेवर येऊन बघावे लागते.

गावात असो वा शहरात, विचारलेला प्रश्न तोंडी ठेवू नये. ग्रामसभेचे इतिवृत्त लिहिले जाते. आपला प्रश्न आणि त्याचे उत्तर त्यात आले की नाही, ते सभा उठण्याआधी वाचून घ्यावे. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये ठराव लिहून ठेवला होता म्हणून तीन वर्षांनी लोकांना तो दाखवून तळ्यावर जाता आले, आणि तो मागे घ्यायचा तर नगरपालिकेलाही उघडपणे दुसरा ठराव करावा लागला.